टर्बो ट्रकच्या इंजिनाला ब्रीदर फिल्टर बसवताना: आधी दाब, मग जागा, मग होज

ब्रीदर पाइपातून, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइलचे थेंब गळणाऱ्या ट्रकला वेगळा ब्रीदर फिल्टर बसवून घेण्याचे काम आता अनेक गॅरेजमध्ये होते. मात्र फिल्टर बसल्यावर थोड्याच दिवसांत क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून गळती सुरू होते, टर्बोच्या नळीत ऑइल साचते किंवा फिल्टरचा डबाच ऑइलने काठोकाठ भरतो, आणि दोष फिल्टरला दिला जातो. बहुतेक प्रकरणांत फिल्टर निर्दोष असतो. दाब न मोजता काम सुरू केलेले असते, डबा चुकीच्या उंचीवर बसवलेला असतो, किंवा ऑइल परत नेणारी नळी वाकडीतिकडी फिरवलेली असते. म्हणून या लेखात कामाचा क्रम आणि त्या क्रमामागची कारणे सविस्तर दिली आहेत.

पुढील पद्धत टर्बोचार्ज्ड डिझेल इंजिनाला धरून लिहिली आहे. बेल्टने किंवा गिअरने फिरणारा सुपरचार्जर असला, तरी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरली जाते ही मूळ गोष्ट सारखीच असल्याने दाब मोजणे, डब्याची उंची आणि नळ्यांचा उतार यांचे नियम तेच राहतात.

टप्पा 1: आपले काम नेमके कोणते आहे ते ठरवणे

ज्या ट्रकमध्ये ब्रीदर फिल्टर कारखान्यातूनच टॅपेट कव्हरमध्ये (इंजिनाच्या वरच्या झाकणात) किंवा इंजिनाच्या बाजूला बसवलेला आहे, तिथे काम फक्त आतला एलिमेंट, म्हणजे गाळणारा भाग, बदलण्याचे असते. अशा ट्रकच्या मालकांनी टप्पा 2 प्रमाणे दाब मोजून थेट टप्पा 7 वर जावे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांच्या गाड्यांमध्ये ब्रीदरची रचना उत्सर्जन यंत्रणेचाच भाग आहे. ती उघडून वायू बाहेर सोडणे, मूळ फिल्टर काढून दुसराच डबा लावणे किंवा आतला एलिमेंट काढून रिकामा डबा ठेवणे यांपैकी काहीही करू नये; त्याच पार्ट नंबरचा एलिमेंट घालावा.

ज्या जुन्या टर्बो ट्रकचा ब्रीदर पाइप कारखान्यातूनच खाली जमिनीकडे मोकळा सोडलेला आहे, त्याला बाहेरून फिल्टरचा डबा बसवता येतो, आणि या लेखाचा मोठा भाग त्याच कामाविषयी आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घातलेल्या आहेत, त्यामुळे कामाचे बिल आणि किटची माहितीपत्रिका गाडीच्या कागदांसोबत जपून ठेवावी.

बाजारात मिळणारा शंकूच्या आकाराचा छोटा फिल्टर थेट टॅपेट कव्हरवर खोचण्याची पद्धत मला पूर्णपणे चुकीची वाटते. तो ऑइल वेगळे करत नाही. स्वतः ऑइलने भिजतो, वरून धूळ धरतो आणि शेवटी चोंदतो. त्यातून ओघळणारे ऑइल गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडले, तर आग लागण्याचा धोका असतो.

टप्पा 2: क्रँककेसमधील दाब मोजणे

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरणारा वायू, म्हणजे ब्लो-बाय, हा क्रँककेसमधील (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीतील) दाबाचा मुख्य स्रोत असतो आणि टर्बोमुळे सिलिंडरमधील दाब वाढल्याने तोही वाढतो. त्याशिवाय आणखी दोन स्रोत आहेत, ज्यांकडे सहसा लक्ष जात नाही. टर्बोचे सील झिजले असतील, तर हवा आणि एक्झॉस्टचा वायू टर्बोच्या ऑइल परतीच्या नळीतून क्रँककेसमध्ये उतरतो. ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या असतील, तर त्याची हवाही तिथेच येते. फिल्टर यांपैकी एकही स्रोत बंद करत नाही. उलट, चांगला फिल्टरसुद्धा वायूच्या वाटेत थोडा अडथळा आणतोच, त्यामुळे आधीच दाब जास्त असलेल्या इंजिनावर तो बसवला तर गळती वाढते.

मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. 6 ते 8 मिलिमीटर आतील व्यासाची सुमारे 3 मीटर पारदर्शक नळी घ्यावी, ती लाकडी फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी ठोकावी, प्रत्येक बाजू साधारण 1 मीटर उंच ठेवावी आणि निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. एक टोक हवेत मोकळे ठेवावे आणि दुसरे टोक ऑइल भरण्याच्या झाकणाला जोडावे. त्यासाठी एक जुने झाकण घेऊन त्यात निपल बसवून ठेवावा. डिपस्टिकची नळी या कामासाठी वापरू नये, कारण काही इंजिनांत तिचे खालचे टोक ऑइलमध्ये बुडालेले असते आणि रीडिंग चुकते. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळ्यांमधील उभे अंतर मिलिमीटरमध्ये मोजले की तोच पाण्याच्या मिलिमीटरमधील दाब होतो. 100 मिलिमीटर म्हणजे जवळपास 1 किलोपास्कल.

मोजमापाचा क्रम असा ठेवावा:

1. गाडी सपाट जागी उभी करून ऑइलची पातळी तपासावी. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल, तर क्रँकच्या फटक्याने ऑइल उडते आणि ब्रीदरमधून बाहेर येते. अशा गाडीला फिल्टर नव्हे, जास्तीचे ऑइल काढण्याची गरज असते. बीएस-6 गाडीत पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ऑइलमध्ये डिझेल मिसळत असल्याचा संशय घ्यावा.
2. इंजिन चालवून पूर्ण गरम करावे आणि आयडलवरचे रीडिंग लिहून ठेवावे.
3. गिअर न्यूट्रल ठेवून इंजिन कमाल आरपीएमवर न्यावे आणि पाणी स्थिरावल्यावर दुसरे रीडिंग घ्यावे.
4. ब्रेकच्या टाक्या रिकाम्या करून कॉम्प्रेसर हवा भरत असताना रीडिंग पाहावे, आणि टाक्या भरून कॉम्प्रेसर कट-आउट झाल्यावर (हवा भरणे थांबल्यावर) पुन्हा पाहावे. कट-आउट होताच पाण्याची पातळी स्पष्टपणे उतरली, तर आधी कॉम्प्रेसर उघडावा.
5. खरे रीडिंग भरलेल्या गाडीचे असते, कारण उभ्या गाडीत टर्बो जवळपास बूस्टच (हवेचा वाढीव दाब) देत नाही. शक्य असल्यास चॅसिस डायनोवर (उभ्या गाडीच्या चाकांवर भार देणाऱ्या यंत्रावर), नाहीतर कसारा किंवा खंबाटकीसारख्या चढावर भरलेल्या गाडीत मोजावे. त्या वेळी पाण्याच्या नळीऐवजी कमी दाबाचा डायल गेज केबिनमध्ये घ्यावा आणि वाचायला दुसरा माणूस बसवावा.

मिळालेले आकडे त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावेत. प्रत्येक इंजिनाची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे शेजारच्या ट्रकचा आकडा आपल्या ट्रकला लावू नये.

थांबा: दाब मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर काम इथेच थांबवावे. रिंगा, टर्बो किंवा कॉम्प्रेसर यांपैकी दोष कुठे आहे ते शोधून तो दूर झाल्यावरच फिल्टर बसवावा. ब्रीदर पाइपाच्या तोंडावर चिंधी किंवा जुना मोजा बांधलेला असेल, तर तो काढून पुन्हा मोजावे; अनेकदा वाढलेल्या दाबाचे कारण तेच निघते.

टप्पा 3: सामान गोळा करणे

फिल्टरचा डबा इंजिनाची शक्ती आणि ब्लो-बायचे प्रमाण पाहून, उत्पादकाच्या तक्त्यानुसार निवडावा. दोन मापांच्या मध्ये अडचण झाली, तर मोठे माप घ्यावे, कारण इंजिन जुने होत जाते तसा ब्लो-बाय वाढत जातो. डब्यात बायपास व्हॉल्व्ह आहे याची खात्री करावी; एलिमेंट पूर्ण चोंदला तर वायूला सुटायला तीच एक वाट असते.

होजच्या बाबतीत काटकसर करू नये. रेडिएटरसाठी सर्रास मिळणारी ईपीडीएम रबराची होज पाण्याला उत्तम असते, पण ऑइलच्या वाफेने ती फुगते, आतून मऊ पडते आणि तिचे पापुद्रे सुटून वाट अडवतात. नायट्राइल किंवा त्याहून चांगल्या, ऑइलला टिकणाऱ्या रबराची, आत विणीचा थर असलेली होज घ्यावी. तिचा आतील व्यास मूळ ब्रीदर पाइपापेक्षा कमी नसावा. याशिवाय ड्रेन नळीसाठी (डब्यातले ऑइल परत इंजिनात नेणाऱ्या नळीसाठी) वेगळी होज, एक चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारा), होज क्लॅम्प, 3 ते 4 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा ब्रॅकेट, नवे ओ-रिंग आणि पॅकिंग हाताशी असावे.

टप्पा 4: डब्याची जागा आणि उंची

डबा कुठे रिकामी जागा दिसते तिथे बसवायचा नसतो. तो टॅपेट कव्हरच्या जवळपास किंवा त्याहून वर, उभा, आणि ऑइल चेंबरमधील (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातील) पातळीपासून शक्य तितका उंच असावा लागतो. याचे कारण नीट समजून घेतले, तर निम्म्या चुका आपोआप टळतात.

वायू एलिमेंटमधून पलीकडे जाताना त्याचा दाब थोडा कमी होतो. ऑइलचे सूक्ष्म थेंब एलिमेंटच्या तंतूंवर एकत्र येऊन मोठे होतात आणि स्वच्छ बाजूला खाली ओघळतात, म्हणजेच गोळा झालेले ऑइल कमी दाबाच्या बाजूला असते आणि त्याला परत जास्त दाबाच्या क्रँककेसमध्ये जायचे असते. हे केवळ ऑइलच्या स्वतःच्या वजनाने घडते. एलिमेंट जुना झाल्यावर दोन्ही बाजूंच्या दाबात 100 मिलिमीटर पाण्याइतका फरक पडला असे समजा. ऑइल पाण्यापेक्षा हलके असल्याने तेवढ्या फरकाला तोलण्यासाठी ड्रेन नळीत सुमारे 115 मिलिमीटर उंचीचा ऑइलचा स्तंभ उभा राहावा लागतो, आणि त्याहून वरचे ऑइलच खाली उतरते. डब्याचा तळ ऑइलच्या पातळीपासून याहून कमी उंचीवर असेल, तर ऑइल परत जाणारच नाही. डबा भरेल आणि ते ऑइल वायूसोबत पुढे टर्बोत ओढले जाईल. नवीन एलिमेंट असताना सगळे ठीक चालते आणि काही महिन्यांनी डबा भरतो, या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते. चढ-उतारावर गाडी कलते त्याची भर धरून उंचीत भरपूर वाव ठेवावा.

जागा ठरवताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या गरम बाजूपासून डबा दूर असावा. एलिमेंट काढण्यासाठी झाकणाच्या वर मोकळी जागा असावी. डबा चॅसिसवर बसवला, तर इंजिन माउंटिंगवर हलते हे लक्षात घेऊन होजला पुरेशी ढील द्यावी. इंजिनावरच बसवला, तर ब्रॅकेट दोन बोल्टांवर घट्ट असावा, एका बोल्टावर लोंबता नसावा.

तपासणी: डबा तात्पुरता धरून केबिन पूर्ण कलवून पाहावे आणि पुन्हा खाली बसवून पाहावे. केबिन खाली आल्यावर होज दबते का, हे ब्रॅकेटला भोके पाडण्याआधी कळले पाहिजे. केबिन कलवलेले असताना त्याचा लॉक लागलेला असल्याशिवाय खाली डोके घालू नये.

टप्पा 5: जुना ब्रीदर काढून साफ करणे

चाकांना ओट (ठोकळे) लावावी, बॅटरीचा स्विच बंद करावा आणि इंजिन गार होऊ द्यावे. जुना पाइप काढून आतून पाहावा. त्यात काळा चिकट गाळ असतो, आणि पावसाळ्यात कमी अंतराच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ताकावर आलेल्या लोण्यासारखा पांढरट थरही दिसतो, जो ऑइल आणि पाण्याच्या वाफेच्या मिश्रणाचा असतो. तो नळीत आणि टॅपेट कव्हरमध्ये थोडासा असल्यास गाडी पूर्ण गरम होईपर्यंत न चालल्याचे ते लक्षण असते; पण डिपस्टिकवरही तसाच थर असेल किंवा रेडिएटरमधील कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट आणि ऑइल कूलर तपासावे.

टॅपेट कव्हरच्या आत ब्रीदरच्या तोंडाशी पत्र्याची आड किंवा जाळी असते, जी उडणारे ऑइल रोखते. ती साफ करावी, पण काढून टाकू नये. ती नसेल, तर ऑइलच्या मोठ्या थेंबांचा सगळा भार फिल्टरवर येतो आणि कितीही चांगला एलिमेंट लवकर बुडतो. साफ करताना उघड्या तोंडात गाळ किंवा चिंधीचे धागे पडणार नाहीत याची काळजी घ्यावी.

टप्पा 6: होज, ड्रेन आणि टर्बोची जोडणी

क्रँककेसकडून डब्याकडे जाणारी होज एकाच दिशेने चढती ठेवावी, म्हणजे तिच्यात जमलेले ऑइल मागे इंजिनात उतरेल. मध्येच खाली झोल पडला की तिथे ऑइल साचते आणि वायूला त्यातून बुडबुडत जावे लागते. त्यामुळे वाढणारा दाब मोजताना फिल्टरचा दोष वाटतो. काटकोनी एल्बो टाळावेत आणि व्यास कमी करणारा रिड्यूसर कुठेही लावू नये.

ड्रेन नळी हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. डब्याच्या तळापासून ऑइल चेंबरपर्यंत ती सतत उतरती असावी. तिचे टोक ऑइलच्या पातळीखाली सोडले, तर ऑइलच तिला झाकून ठेवते. टोक पातळीच्या वर उघडत असेल, तर चेक व्हॉल्व्ह अनिवार्य आहे, अन्यथा क्रँककेसमधील वायू एलिमेंटला वळसा घालून ड्रेनमधूनच वर चढतो आणि फिल्टरचा काहीही उपयोग होत नाही. चेक व्हॉल्व्हवरील बाणाची दिशा डब्याकडून इंजिनाकडे असावी. तो नळीच्या खालच्या टोकाशी बसवावा, म्हणजे त्याच्यावर उभा राहिलेला ऑइलचा स्तंभ त्याला उघडू शकतो. ऑइल चेंबरला नवीन भोक पाडावे लागत असेल, तर चेंबर उतरवूनच पाडावे. गाडीवरच ड्रिल करून आत गेलेला लोखंडी चुरा बेअरिंगपर्यंत पोहोचतो.

डब्यातून बाहेर पडणाऱ्या स्वच्छ वायूसाठी दोन पर्याय असतात. पहिला म्हणजे तो पूर्वीप्रमाणे खाली मोकळा सोडणे, जो सोपा आहे. दुसरा म्हणजे तो टर्बोच्या हवा ओढणाऱ्या बाजूला, एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या नळीला जोडणे. दुसऱ्या पर्यायात व्हॅक्यूम मर्यादित ठेवणारा डायफ्रामचा रेग्युलेटर असलाच पाहिजे. धुळीच्या रस्त्यावर, विशेषतः ऊसवाहतुकीच्या किंवा खाणीच्या गाडीत, एअर फिल्टर चोंदत जातो तसे तिथले व्हॅक्यूम वाढत जाते. अनेक टर्बो डिझेल इंजिनांत ते सुमारे 635 मिलिमीटर पाण्यापर्यंत गेल्यावरच एअर फिल्टरचा इंडिकेटर लाल होतो. एवढे व्हॅक्यूम रेग्युलेटरशिवाय क्रँककेसला लागले, तर क्रँकच्या सीलमधून बाहेरची धूळ आत ओढली जाते आणि इंजिन आतून झिजू लागते.

सावधान: हा वायू टर्बोच्या पुढे, म्हणजे इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या) नळीला किंवा इनटेक मॅनिफोल्डला कधीही जोडू नये. तिथे बूस्टचा दाब असतो. चढावर तो उलटा क्रँककेसमध्ये घुसतो, सील बाहेर ढकलतो आणि टर्बोचे ऑइल परत येण्याची वाट अडवतो.

सावधान: टर्बोच्या बाजूला जोडणी केली असेल आणि डबा ऑइलने भरला, तर डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून ओढू लागते. मग चावी बंद करूनही ते थांबत नाही आणि वेग वाढत जातो. पहिल्यांदा सुरू करताना टर्बोच्या तोंडापेक्षा मोठी, जाड प्लायवुडची फळी हाताशी ठेवावी आणि वेळ आली तर तिनेच हवा बंद करावी. हात किंवा कापड कधीही लावू नये.

टप्पा 7: एलिमेंट बसवणे

डब्याचा आतला भाग आणि ओ-रिंग बसण्याची खाच धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. जुना ओ-रिंग पूर्ण निघाला आहे हे बोट फिरवून पाहावे, कारण तो खाचेत चिकटून राहतो आणि त्यावर दुसरा बसवला जातो. नव्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा हात लावावा, ग्रीस किंवा सिलिकॉन लावू नये. एलिमेंटवरची वरची बाजू आणि वायूच्या दिशेची खूण पाहून तो सरळ खाली दाबावा. झाकणाचे बोल्ट आधी हाताने, नंतर समोरासमोर क्रमाने, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधील आकड्यापर्यंत आवळावेत. प्लास्टिकचे झाकण अंदाजाने आवळल्यास त्याला केसाएवढी चीर पडते आणि तीही गळतीच ठरते.

जुना एलिमेंट डिझेलमध्ये धुऊन किंवा हवेने फुंकून पुन्हा घालू नये. त्याचे तंतू बहुधा काचेचे आणि अतिशय बारीक असतात. धुण्याने ते दबतात, फुंकण्याने फाटतात, आणि बाहेरून एलिमेंट स्वच्छ दिसूनही आत थेंब पकडण्याची क्षमता उरत नाही.

टप्पा 8: सुरू करून पुन्हा मोजणे

इंजिन आयडलवर सुरू करून सर्व जोड हाताने आणि बॅटरीच्या उजेडात तपासावेत. इंजिन गरम झाल्यावर टप्पा 2 मधील सगळी रीडिंग त्याच क्रमाने, त्याच आरपीएमवर घ्यावीत. नवीन एलिमेंटसह दाब थोडाच वाढला पाहिजे आणि मॅन्युअलच्या मर्यादेच्या बराच खाली राहिला पाहिजे. तो आधीपेक्षा खूप वाढला, तर फिल्टर बदलण्याआधी होजमधील झोल, दबलेली होज आणि चेक व्हॉल्व्हची दिशा तपासावी. टर्बोला जोडलेल्या रचनेत पाणी उलट्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडे चढताना दिसले, तर क्रँककेसमध्ये व्हॅक्यूम आहे असे समजावे. ते मर्यादेबाहेर असेल तर रेग्युलेटर काम करत नाही.

दोन्ही वेळची रीडिंग, तारीख आणि किलोमीटर गाडीच्या वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या प्रत्येक निर्णयासाठी हेच आकडे लागतात.

टप्पा 9: पुढची देखभाल

पहिल्या 500 किलोमीटरनंतर सर्व क्लॅम्प एकदा आवळावेत, कारण नवीन रबर बसते आणि क्लॅम्प सैल होतात. प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी ड्रेन नळी डब्याकडून सोडवून पाहावी. डब्याच्या तळाशी ऑइल साचलेले असेल, तर चेक व्हॉल्व्ह चिकटला आहे किंवा नळीत गाळ आहे. व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकल्यावर एका बाजूने हवा सहज गेली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने अडली पाहिजे. फुंकण्याआधी तो नीट धुऊन घ्यावा.

एलिमेंट उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदलावा, आणि त्याआधीच वहीतल्या आकड्यांपेक्षा दाब स्पष्टपणे वाढलेला दिसला तर आधीच बदलावा. नवीन एलिमेंट घालूनही दाब पूर्वीच्या आकड्यावर उतरला नाही, तर ब्लो-बाय वाढला आहे, आणि गाडी रिंगा व टर्बोच्या तपासणीसाठी मिस्त्रीकडे न्यावी.